आषाढीला धरायचे, कार्तिकीला सोडायचे

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात लोक खांबांवरचे प्राणी बघायला जातात. मी व्याज बघायला जाते. बँकेच्या हिशेबतपासणीत उभी हयात गेल्यामुळे भिंतीवर कोरलेली ठेवपावती दिसली की पाय तिथून हलत नाहीत.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने साधारण १९०० वर्षांपूर्वी हे लेणे भिक्षुसंघाला दिले. सोबत ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक दराने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. मोठ्या ठेवीचे व्याज वर्षाला २४० होते, आणि ते कशासाठी तेही तिथेच लिहिले आहे: या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, चीवरासाठी. बारा विसे दोनशे चाळीस. ना शिल्लक, ना तूट. असा ताळेबंद माझ्या नोकरीत फार थोड्या शाखांनी दाखवला.

पण मला त्या आकड्यांपेक्षा त्यामागची व्यवस्था जास्त आवडते. माणूस पावसाळ्यापुरता एक नियम अंगावर घेतो, आणि तो पाळणाऱ्याचे वस्त्र कुठून येणार याची तजवीज कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते.

वर्षावासाचे नियम विनयग्रंथांत आहेत, आणि ते ज्यांनी केले त्यांना माणसाची जात नीट कळली होती असे मला वाटते. पावसाळ्यात भिक्षू हिंडतात, कोवळे गवत आणि किडेमुंग्या तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तीन महिने एका जागी राहायचे ठरले. सुरुवात आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. ती गाठता आली नाही तर महिन्याभराने दुसरी तारीख. मध्येच आई-वडील आजारी पडले, सोबतचा भिक्षू आजारी पडला, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येत असे, आणि तेवढ्याने वर्षावास मोडत नसे. शेवटी प्रवारणा. त्या दिवशी प्रत्येक भिक्षू संघापुढे बसून स्वतः विनंती करी: माझ्याकडून काही चुकल्याचे तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा तशी शंका आली असेल, तर सांगा. झाडाझडती व्हायची ती वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी आणि ज्याची व्हायची त्याच्याच विनंतीवरून. त्यानंतर चीवरांचे वाटप होई, आणि मंडळी पुन्हा वाटेला लागत.

हा रिवाज बौद्धांकडून वैदिकांकडे गेला, जैनांकडून आला की सगळ्यांनीच पावसाकडून घेतला, या वादात मी पडत नाही. वाटा चिखलात गेल्या की सगळ्याच पंथांचे पाय थांबतात. आपल्याकडच्या घराघरांत चातुर्मासाचा जो नेम रुजला, त्याची घडण मात्र त्याच जातीची आहे.

नेम ज्याचा त्याने निवडायचा. कुणी एकभुक्त राहणार, कुणी जेवताना मौन धरणार, कुणी पोथीचा रोज एक अध्याय वाचणार, कुणी तुळशीला प्रदक्षिणा घालणार. नवी सून दारात गोपद्मांची रांगोळी काढणार. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, घरातला कांदा भज्यांत, थालीपिठात, पिठल्यात संपवायचा आणि एकादशीपासून नाव काढायचे नाही. पुढच्या चार महिन्यांची उणीव एका दिवसात भरून काढण्याचा हा कार्यक्रम आमच्याकडे नेमापेक्षा जास्त निष्ठेने पार पडत असे.

या सगळ्याला शास्त्राची चौकट दिली ती निबंधकारांनी. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणीत व्रतांचा एक अख्खा खंडच रचला. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, १७९०च्या सुमारास धर्मसिंधु लिहिला, आणि पुढे घरोघरच्या भटजींनी निर्णय द्यायचा तो याच ग्रंथावरून. हे ग्रंथ रुक्ष आहेत खरे, पण हिशेबतपासनिसाच्या नजरेने वाचले तर त्यांत गंमत सापडते. नियम एका ओळीत असतो आणि त्याच्या सवलती पुढे पानभर चालतात.

चातुर्मास सुरू करायला एकादशी हुकली तर द्वादशी आहे, तीही हुकली तर पौर्णिमा आहे, शिवाय कर्कसंक्रांत आहे. आहाराचे बघा. श्रावणात भाजी वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी. एका वेळी एकच वस्तू सुटते. पुढची सुटायच्या आधी मागची पानात परत येते. चारही एकदम सोडा असे या नेमात म्हटलेले नाही. ज्यांनी उपवासाचे व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी जुन्या वचनात मोजून दिल्या आहेत: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. ब्राह्मणाची इच्छा त्या यादीत कशी शिरली हे उघड आहे, ग्रंथ लिहिणारेही तेच होते. पण औषध आहे हे महत्त्वाचे. आजारी माणसाने व्रताच्या नावाने गोळी नाकारायची नाही, एवढे तरी शास्त्राने स्पष्ट केले. सुरू झालेल्या व्रताला मध्ये आलेल्या सुतकाची आडकाठी नाही. स्वतःला जमेना तर नवरा, बायको, मुलगा, भाऊ किंवा पुरोहित यांच्या हातून करून घेता येते. आणि रागाने, लोभाने किंवा हलगर्जीपणाने मोडलेच, तर तीन दिवस उपास किंवा मुंडन. तेवढे केले की चूक वसूल. जन्मभर मनाला लावून घ्यायची तरतूद कुठे दिसत नाही.

ग्रंथातले हे सगळे मी सिन्नरला आत्याच्या ओसरीवर आधीच पाहिले होते. तिने एका वर्षी लक्षवातींचा नेम धरला. एक लाख वाती, आषाढी ते कार्तिकी. ऐकणाऱ्याची छाती दडपते, पण आत्याचा हिशेब पक्का होता. चार चांद्रमास म्हणजे एकशे अठरा दिवसांच्या आसपास. लाखाला एकशे अठराने भागले की रोजच्या साडेआठशे होतात. तिने रोज हजार धरल्या. का, तर दर महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचे, त्यात कापसाला शिवायचे नाही. चार चोक सोळा दिवस असे गेले. उरले एकशे दोन. म्हणजे रोज हजारांनी लाख पुरे होऊन वर दोन दिवस राहतात, एखाद्या दिवशी ताप आला तर. स्वतःच्या अडचणी तिने संकल्पाच्या आधीच वजा टाकल्या होत्या. पुढे बँकेत मोठमोठ्या साहेबांची वार्षिक उद्दिष्टे तपासताना मला ही वजाबाकी कुणाच्या कागदावर दिसली नाही. त्यांच्या वर्षात ३६५ दिवस कामाचे असत आणि एकाही माणसाला ताप येत नसे.

वात करताना मी तिला दुपारभर पाहत बसे. सरकी काढलेला कापूस परातीत पिंजून ठेवलेला. त्यातला बोटभर पुंजका डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने हलके ओढत न्यायचा, धागा सुटतो असे वाटले की दोन बोटांत पीळ द्यायचा. बोटे निसटू नयेत म्हणून शेजारी वाटीत राख. शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची. दहा जुड्या झाल्या की पत्र्याच्या डब्यात, आणि कोनाड्यातल्या वाडग्यात एक चिंचोका. दुपारी शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसत, त्याही वळत. त्यांच्या वाती लाखात धरायच्या का, असे मी विचारले होते. आत्या म्हणाली, "अगं, संकल्प माझा, हात कुणाचे का चालेनात!"

चिंचोके मात्र ती रोज मोजत नसे. दर एकादशीला, म्हणजे पंधरवड्यातून एकदा, वाडगा उपडा करायचा. मी मध्येच मोजायला गेले तर हातावर चापट बसे. एका एकादशीला दोन चिंचोके कमी भरले. तिने पुढच्या पंधरवड्यात कुठल्या दुपारी पाहुणे नाहीत ते बघितले आणि त्या दुपारी दोन शेजारणी जादा बोलावल्या. विषय संपला. कार्तिकात एकादशीच्या आधी लाख पुरे झाले, तरी तिने आणखी काही जुड्या वळल्या. मोजताना कुठे हात चुकला असेल तर, चूकभूल द्यावी घ्यावी म्हणून. मग तुपात भिजवून वाती देवापुढे लावल्या, ब्राह्मण-सवाष्ण जेवले, चांदीची वात दान दिली, आणि नेम उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या परातीला हात न लावता चक्क झोपली.

माझ्या मते या रिवाजाचा कणा उद्यापन हाच आहे. संकल्प सोडतानाच सांगता कधी आणि कशी ते ठरलेले असते. मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षे, सोमवार सोळा आणि सतराव्याला उद्यापन. पाच वर्षांनी बाईला मंगळागौर पुजत बसायचे बंधन नाही. तिने केले ते पुरे झाले असे चारचौघांदेखत जाहीर होते, आणि तिच्या हातची खीर खाऊन लोक त्याला साक्ष राहतात.

म्हणूनच या रिवाजाची काळी बाजू नेमकी कुठे आहे तेही सांगता येते. ब्राह्मण आणि इतर वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेवर जे लादले, एकभुक्त राहणे, गोडधोड सोडणे, केशवपन, ते दिसायला नेमासारखेच होते. फरक एवढाच की ते तिने निवडलेले नव्हते आणि त्याला उद्यापन नव्हते. दहा-बारा वर्षांच्या मुलीला सरणापर्यंतचा नेम. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला तो अशांसाठी. सधवेचेही फार लाड नव्हते. पुरुषाने चार महिने एकभुक्त राहायचे ठरवले की त्याच्या फराळाचे वेगळे पातेले चुलीवर चढे, आणि ते चढवणारी त्याच्या पुण्याच्या हिशेबात कुठे नसे. शिवाय चार महिन्यांचे नेम हे कणगी भरलेल्या घराचे काम. आषाढ-श्रावणात दिवसभर वाकून खुरपणी करणारी बाई श्रावणी सोमवार धरी, फार तर शनिवार, आणि तेवढेच तिला झेपे.

बँकेतल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना हल्ली बर्नआउट होतो. आम्हालाही होत होता, फक्त त्याला नाव नव्हते, पित्त म्हणत असू. ३१ मार्चच्या रात्री बारापर्यंत बसून शाखेने ठेवींचा आकडा गाठायचा, पेढ्याचा तुकडा तोंडात टाकायचा, आणि १ एप्रिलला टेबलावर नवे परिपत्रक, मागच्या आकड्यावर इतके टक्के वाढ. पेढ्याचे उद्यापन होत नसते. ज्या शाखेने जास्त गाठले तिला पुढच्या वर्षी आणखी जास्त. हे कळल्यावर हुशार व्यवस्थापक मार्चमध्ये काही ठेवी मुद्दाम एप्रिलवर ढकलू लागले. त्या तपासून शेरे मारणे माझे काम होते. शेरे मी मारले, पण ती माणसे मला कधीच लबाड वाटली नाहीत.

घरात आता नेम धरतात ते वेगळे. भाचीने गेल्या आषाढीपासून साखर सोडली, आणि कार्तिकी झाली तरी परत घेईना. छान वाटते आहे, आता कायमचीच सोडते, म्हणाली. आत्या नव्वदीला टेकली आहे, पण अशा बाबतीत तिचे कान तिखट आहेत. चातुर्मासात जे सोडले ते आधी दान द्यायचे आणि मग स्वतः खायचे, असा रिवाज. तुपाचे तूप, गुळाचा गूळ. तिने भाचीला किलोभर साखर मंदिरात द्यायला पाठवले, आल्यावर पाटावर बसवून पानात श्रीखंड वाढले, आणि समोर बसून राहिली.

"कायमचे-बियमचे काही नाही. हे संपव. पुन्हा सोडायची तर पुढच्या आषाढीला सोड, तेव्हा बघू. आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडगा आहे, वांगी तूच आण."