एकट्याची वाट

फरीदाबाद हे गाव मूळचे वाटेवरचे. जहांगीराचा खजिनदार शेख फरीद याने दिल्ली-आग्रा मार्गाच्या रक्षणासाठी १६०७ साली ते वसविले, असे इतिहास सांगतो. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून, विशेषतः बन्नू आणि डेरा इस्माईलखान भागांतून, हजारो निर्वासित येथे आले व १९४९ पासून त्यांनी स्वतःच्या हातांनी नवी वसाहत उभारली. त्यानंतर कारखाने आले, केंद्र सरकारची कार्यालये आली, आणि भूजल, वनस्पतिसंरक्षण, जलविद्युत अशा खात्यांच्या निमित्ताने आम्ही मराठी माणसेही आलो. निर्वासितांना येणे भाग पडले. आमच्या हाती बदलीचा हुकूम होता. परंतु कोणाचाही हुकूम नसताना जो एकटा घर सोडतो, त्याला प्रवास काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आठवते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम, घरी नारळीच्या बागायतीचा व्यवहार. ‘बालबोध मेवा’ या मासिकात त्यांनी बुद्धचरित्र वाचले आणि मनात एक जिज्ञासा पेटली. १८९९ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पत्नी आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून ते घराबाहेर पडले. जवळ पैसा नव्हता, कोणाचा आश्रय नव्हता, इंग्रजीही येत नव्हते. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले आणि अन्नछत्रातील अन्नावर राहून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म जिवंत असेल या आशेने १९०२ साली नेपाळ गाठले, परंतु तेथे त्यांची निराशा झाली. बुद्धगयेस एका भिक्षूने सिंहलद्वीपाची दिशा दाखविली. तेथे विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या चरणांशी बसून त्यांनी पालीचा अभ्यास केला. पुढे ब्रह्मदेशही पाहिला. ग्रंथ सिंहली व ब्रह्मी लिप्यांत होते, म्हणून त्या लिप्या शिकल्या. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र वाचताना जाणवते ते हेच की, एकटेपणाने त्यांना प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी बनविले. बरोबर कोणी नसल्यामुळे आपल्यापुरते गाव करून राहण्याची सोयच नव्हती.

या वाटेची किंमत मात्र त्यांनी एकट्यानेच मोजली नाही. त्यांच्या पत्नी बाळाबाई यांना कित्येक वर्षे पतीवाचून, लहान मुलीला घेऊन काढावी लागली. ज्ञानाच्या तीर्थयात्रेची कथा सांगताना हा दुसरा हिशेब वगळणे, आमच्या मते, अन्यायाचे होईल. आजही बदलीवर गेलेल्या माणसामागे घर सांभाळणारी माणसे असतात, आणि त्यांचे नाव कोणत्याही सेवापुस्तकात लागत नाही.

पुढे कलकत्त्यात ते पालीचे अध्यापक झाले. परंतु कलकत्ता विद्यापीठातील अधिक पगाराची जागा सोडून, सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर, महाराष्ट्रात राहून मराठीत ग्रंथ लिहिणे त्यांनी पसंत केले. दूर जाऊन मिळविलेले आपल्या माणसांच्या हाती द्यावे, ही ओढ त्या निर्णयामागे होती. १९१० साली हार्वर्डचे बोलावणे आले. वॉरन यांनी अपुरे ठेवलेले ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन पुरे करावयाचे होते. ज्या गृहस्थाला एकेकाळी इंग्रजी येत नव्हते, तो आता अमेरिकेतील विद्वानांच्या बरोबरीने बसला. पण श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद होताच, नमते न घेता, १९१२ साली ते परतले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पुढे ते अमेरिकेस पुन्हा गेले, १९२९ साली लेनिनग्राडलाही गेले, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली, हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली, तेव्हा ते हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला होता.

या चरित्रापासून आम्हां नोकरदारांनी काय घ्यावे? त्यांच्यासारखे घर सोडणे आम्हांला शक्य नाही, आणि ते इष्टही नाही. भाडेभत्ता, सरकारी निवासस्थान, गणेशोत्सव, दिवाळीचा फराळ एवढ्यावर परप्रांतातील वर्षे सुखाने सरतात. ती सरावीत, मात्र त्यांतून मनुष्य वाढतोच असे नाही. जागा बदलली म्हणजे दृष्टी बदलली असे होत नाही. त्यासाठी कोणाचा तरी विद्यार्थी व्हावे लागते.

फरीदाबादेत ती संधी दाराशी आहे. एन. आय. टी.च्या वसाहतींत बन्नूहून आलेल्या कुटुंबांतील मोजके वृद्ध अजून सापडतात. त्यांची बोली त्यांच्या नातवंडांच्या ओठांवर क्वचितच येते. त्यांच्याशी बसून चार शब्द शिकावे, बन्नूच्या घराची हकिकत विचारावी, आणि ती मराठीत लिहून ठेवावी. एवढे काम आम्हांपैकी कोणालाही झेपण्यासारखे आहे. त्यास रजा लागत नाही. उशीर मात्र परवडणार नाही.