मर्सिडीजचं सामान ट्रॅक्सच्या दुकानात

पुण्यात नाना पेठेत जाऊन मर्सिडीज २४० डीचं हेड गॅस्केट मागितलं, तर काउंटरवरचा पोरगा नुसती मान हलवतो. बजाज टेम्पोच्या जुन्या ट्रॅक्सचं मागितलं की मागच्या फळीवरून काढतो, धूळ झटकतो आणि हातात देतो. मर्सिडीजच्या मालकाला हवं असतं ते हेच. फक्त ते ट्रॅक्सच्या नावाने मागायचं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. माझ्या दुकानाच्या पायरीवर हे मी पुष्कळांना सांगितलं.

चिंचवडला माझं डिझेल पंपाचं दुकान होतं. पंप आणि नोझल कॅलिब्रेशन, एवढंच पाटीवर. गिऱ्हाईक म्हणजे वडापवाले, दूधवाले, भाजीच्या गाड्या, नगरकडच्या काळ्या-पिवळ्या. मधूनच एखादे डॉक्टर किंवा कारखानदार मर्सिडीज घेऊन यायचे. त्यांना वाटायचं, आपला नंबर आधी लागेल. लागत नसे. वडापवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याचा हप्ता थकतो. डॉक्टरांच्या घरी दुसरी गाडी असते. मग ते ट्रॅक्सच्या मागे उभे राहत आणि बेंचवर बघता बघता त्यांच्या लक्षात येई, की आपला पंप आणि पुढच्याचा पंप एकाच घरातले दिसताहेत.

ही सोयरीक कशी जुळली ते सांगतो. आमच्या वडिलांच्या पिढीला मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा माहीत होता तो ट्रकवरचा. १९५४ साली टेल्कोने डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक निघू लागले. १९६९ पर्यंत त्यांच्यावर टाटा मर्सिडीज-बेंझ असं नाव असे. तारा म्हणजे श्रीमंती हे समीकरण आपल्याकडे नंतरचं. त्या तार्‍याखाली आधी कांदे-बटाटेच वाहिले गेले.

दुसरी वाट आकुर्डीची. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ मध्ये जर्मनीच्या व्हिडाल कंपनीच्या टेम्पो गाड्यांपासून सुरुवात केली, म्हणून तर आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. तिकडे जर्मनीत व्हिडालचा धंदा हानोमागकडे गेला आणि हानोमाग डायमलर-बेंझकडे. मुलीच्या सासरकडचं नातं लागावं तसं आकुर्डीचं मर्सिडीजशी नातं लागलं. १९८०च्या दशकात त्यातून परवाना मिळाला तो ओएम ६१६ या इंजिनाचा. चार सिलिंडर, ९०.९ मिलिमीटरचा बोअर, ९२.४ चा स्ट्रोक, २३९९ सीसी. हेच इंजिन जर्मनीत २४० डीच्या बॉनेटखाली होतं. इकडे ते ट्रॅव्हलरमध्ये आणि ट्रॅक्समध्ये बसलं. नऊ माणसांच्या गाडीत सोळा माणसं, टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि पुढे घाट. इंजिनाने कुरकुर केली नाही. स्टुटगार्टच्या टॅक्सीत त्याने लाखो किलोमीटर काढले म्हणून लोक कौतुक करतात. मला वडापातल्या वर्षांचं कौतुक जास्त वाटतं, कारण तिथे ऑईल कधी बदललं हे ड्रायव्हरलाही आठवत नसे.

आता गाड्यांची गोष्ट. त्या काळात मर्सिडीज शोरूममध्ये जाऊन घ्यायची वस्तू नव्हती. आयात शुल्क गाडीच्या किमतीहून जड. परदेशी वकिलातींतल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. आखातात नोकरी केलेले लोक परत येताना स्वतःची गाडी घेऊन येत. गोव्याचं वेगळं. पोर्तुगीज अमलात तिथे परदेशी गाड्या सहज उतरत, त्यामुळे १९६१ नंतरही पणजी-मडगावला मर्सिडीजच्या डिझेल टॅक्सी धावताना लोकांनी पाहिल्या. मुक्तीनंतर आयात थांबली, गाड्या राहिल्या, सामान संपलं. तिथल्या मिस्त्रींनी काय काय जुळवून त्या चालवल्या असतील, ते मोटारीच्या कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

माझ्या दुकानासमोर ज्या यायच्या त्या मुख्यतः १२३ या मालिकेतल्या. १९७६ ते १९८५ या दहा वर्षांत मर्सिडीजने अशा जवळजवळ २७ लाख गाड्या बनवल्या. ऐषारामी म्हणाल, तर त्यातल्या २४० डीला जेमतेम ७२ अश्वशक्ती. चढाला मागचा ट्रकवाला हॉर्न देतो. तिचा ऐषाराम वेगळ्या जागी होता: ती उघडता येत असे. बॉनेट सरळ नव्वद अंशांत उभं राहतं. ऑईल फिल्टर वरच्या बाजूला, दोन नट काढले की झाकणासकट हातात. गाडीखाली झोपायची गरज नाही. ज्याने हे आखलं त्याने मालक साठीचा असेल असा विचार केला असणार.

म्हणून ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना माझं सांगणं नेहमी एकच असे: काय घरी करायचं आणि काय माझ्याकडे आणायचं, हे आधी ठरवा. टॅपेट घरी करा. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. हेडचं कव्हर काढायचं, पुढून क्रँकच्या बोल्टला २७ नंबरचं सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवायचं, फिरतं त्याच दिशेने. उलट नाही, आणि कॅमशाफ्टच्या बोल्टने तर मुळीच नाही. कॅमचं टोक वर आलं की त्याच्या पाठीखाली फिलर गेज घालायचं. इनटेकला ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.३०. वाकवलेले दोन १४ नंबरचे पाने लागतात. ते आपल्याकडे मिळत नसत, तर साधे पाने भोसरीत तापवून वाकवून आणायचे. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही. सैल टॅपेट वाजतं, म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. खरा धोका घट्ट झालेल्याचा. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजून आत जातो, फट कमी होते, आवाज येत नाही, इंजिन गुळगुळीत चालल्यासारखं वाटतं. मग थंडीत सकाळी स्टार्ट होत नाही, पांढरा धूर येतो आणि मालक बॅटरी बदलतो.

बॅटरी बदलून झाली की हीटर प्लग. १९८०च्या आधीच्या गाड्यांत हे प्लग एका माळेत जोडलेले, एक गेला की चारही गेले. नंतरच्यांत प्रत्येकाला स्वतंत्र वायर, तिथे एक जळाला तर गाडी तिघांवर रडतखडत सुरू होते. टेस्टरचा दिवा लावून बघायला पाच मिनिटं लागतात. डिझेल फिल्टर बदलल्यावर हवा काढायची तीही घरीच. पंपाच्या कुशीत हाताने दाबायचा प्रायमर असतो, तो सैल करून दाबत राहायचं, फिल्टरच्या बोल्टपाशी बुडबुडे थांबेपर्यंत. हवा धरलेली गाडी ओढून गॅरेजला नेणारे लोक मी पाहिले आहेत. ओढण्याचे पैसे जास्त होतात.

आणि मग व्हॅक्युम. मला या गाडीतला सगळ्यात आवडणारा आणि सगळ्यात वैताग देणारा भाग हाच. १२३ मध्ये चावी फिरवून इंजिन बंद करायचं म्हणजे वीज तोडायची नसते, डिझेलला विजेशी देणंघेणं नाही. इंजिनवरचा पंप हवा खेचून निर्वात तयार करतो आणि त्याच्या ओढीने इंजेक्शन पंपाचं डिझेल तोडलं जातं. त्याच निर्वातावर दरवाज्यांची कुलपं चालतात. आता मागच्या उजव्या दरवाज्यातला रबरी पडदा फाटला, की तिथून हवा आत शिरते. चावी काढली तरी इंजिन चालूच! मालक चावी हातात घेऊन उभा, गाडी आपली धडधडतेय. तेवढ्यासाठी बॉनेटखाली एक लाल पट्टी ठेवलेली असते, स्टॉप लिहिलेली. ती दाबून धरायची.

अशीच एक गाडी एका गॅरेजमधून माझ्याकडे आली. त्यांनी पंप उतरवला होता, खोलला होता, पुन्हा बांधला होता आणि बिघाड जिथल्या तिथे. मी कुलपांकडे जाणारी नळी काढून तिच्यात लाकडाची छोटी खुंटी मारली. चावी फिरवली, इंजिन गप्प. दोष दरवाज्यात होता आणि बिल पंपाचं झालं होतं.

तर पंप घरी खोलू नका. मी पंपवाला म्हणून सांगतोय असं वाटलं तर वाटू द्या. नोझल काढून आणणं ठीक. ती बेंचवर लावून दाब बघायचा असतो, या इंजिनाची ११५ ते १२५ बारला फुटली पाहिजे, १०० च्या खाली गेली की बदल. फवारा धुक्यासारखा हवा, धार नको. नोझल आता जर्मनीहून मागवायची गरज नाही, मायकोच्या नाशिकच्या कारखान्याने महाराष्ट्राची ती सोय केव्हाच केली. पंपातली प्रत्येक सिलिंडरची मापं मात्र एकमेकांशी जुळवायची असतात, ते काम अंगणात होत नाही.

सामान घेताना एक पथ्य. ट्रॅक्सचं सगळंच चालतं असं समजून पिशवी भरू नका. पुढे त्या इंजिनाचा स्ट्रोक १०० मिलिमीटर केला, ते २५९६ सीसीचं झालं. त्याचा क्रँक आणि पिस्टन २४० डीला उपयोगाचे नाहीत. दुकानात म्हणायचं, "जुन्या चोवीसशेचं द्या". वय झालेला दुकानदार असेल तर त्याला बरोबर कळतं. आणि हो, पावसाळ्याआधी काचेखालच्या जाळीतली पानं काढा. पुण्यात गुलमोहराची बारीक पानं तिथल्या निचऱ्याच्या भोकांत बसतात, पाणी आत उतरतं आणि पायाखालचा पत्रा सडतो. इंजिन अमर आहे. पत्र्याला आकुर्डीत पर्याय नाही.

१९९५ मध्ये गंमत झाली. मर्सिडीज पुण्यातच बनू लागली. टेल्कोबरोबर आदल्या वर्षी कंपनी निघाली आणि पिंपरीच्या आवारात १२४ मालिकेची ई क्लास जोडली जाऊ लागली. युरोपात तिची जागा नवी गाडी घेत होती, त्यावरून लोक नाकं मुरडत. मला ती गाडी मनापासून आवडते. एकाच वायपरचा तो हात आत-बाहेर सरकत काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या आतल्या गिअरला ग्रीस भरत राहिलात तर तो तुमच्यापेक्षा जास्त जगेल. पण आपल्या गावात बनलेली ही गाडी घरी दुरुस्त करणं परदेशातून आलेल्या २४० डीपेक्षा अवघड गेलं. १९९२ ते १९९५ या काळातल्या इंजिनांच्या वायरींवरचं आवरण पर्यावरणाला सोसेल असं, मातीत विरघळणारं करायला गेले. ते मातीत जाण्याआधी इंजिनच्या उष्णतेनेच विरघळलं. हात लावला की बिस्किटासारखं तुटतं, आतल्या तारा एकमेकींना चिकटतात आणि इंजिन भलतेच चाळे करतं. पेट्रोलवाल्या गाड्यांत हे जास्त. यावर पाना चालत नाही. पूर्ण हार्नेस बदलायचा, नाहीतर धीराचा वायरमन शोधून एकेक वायर नव्याने ओवायची. हे दुसरं काम करणारे लोक रविवार पेठेत होते. बाकीच्या मालकांनी गाड्या फुंकून टाकल्या.

हल्ली माझ्याकडे येतात ते वेगळ्याच प्रश्नाने. २०२१ मध्ये केंद्राने नियम केला: पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते, तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. १९७३ ची पहिली २४० डी त्यात बसते, १२३ मालिकेतल्याही एकेक करून त्या वयाला येताहेत. पण अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. मग ज्याच्या गाडीत वीस वर्षांपूर्वी ट्रॅक्सचं अख्खं इंजिन बसवलं, त्याचं काय? आराखडा तोच, माप तेच, नुसता ठोकलेला नंबर आकुर्डीचा. मालक माझ्याशी तासभर वाद घालतात, जणू मीच नियम केला.

ज्यांचा मूळ ब्लॉक अजून गाडीत आहे त्यांना मी एवढंच सांगतो: तो भंगारात देऊ नका. या इंजिनाला कोरडे लायनर असतात. बोअर झिजला तर नवे लायनर दाबून घ्या, ब्लॉकवरचा नंबर घासू देऊ नका. पिस्टन खुशाल जुन्या चोवीसशेचे घाला. ते आत असतात.