धुराचा हिशेब : डहाणूच्या इतिहासातील न लिहिलेली वही

एखाद्या प्रदेशाचा आर्थिक इतिहास लिहिताना आपण सामान्यतः लिहिलेल्या वह्यांवर विसंबतो : सावकाराची खातेवही, सरकारची महसुली नोंद, कंपनीचा ताळेबंद. पण ज्या खर्चाची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही, त्याचे काय? डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात हा प्रश्न एकाच शतकात दोनदा उभा राहिला, म्हणून आम्हांला तो येथे मांडावासा वाटतो.

पहिल्यांदा तो उभा राहिला १९४५ साली. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे पुस्तक आपल्याकडे बहुधा चळवळीची कहाणी म्हणून वाचले आणि शिकवले जाते. आमच्या मते ते एक हिशेबाचे पुस्तकही आहे. वेठ आणि लग्नगडी या प्रथांचा अर्थशास्त्रीय आशय एवढाच, की जमीनदाराच्या उत्पन्नामागचा खर्च वारल्यांच्या शरीरावर टाकला जाई. गवताचे पैसे वहीत जमा होत. फुकट राबलेले दिवस मात्र कुठेच खर्ची पडत नसत. वारल्यांच्या उठावाने प्रथम काय केले असेल, तर त्या दिवसांचे मोल मागितले.

दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला तो धुराच्या रूपाने. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरविणाऱ्या बीएसईएस कंपनीच्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पासाठी डहाणूची निवड झाली. चिकूच्या बागा, खाडीतील मासेमारी आणि आदिवासी पाडे यांच्या सान्निध्यात कोळसा जाळण्यास स्थानिक पर्यावरणवाद्यांनी न्यायालयात हरकत घेतली. १९९१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाची परवानगी कायम ठेवली. मात्र धुरातील सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याची अट पूर्ण विचाराशिवाय शिथिल करू नये, असेही बजावले. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला, उद्योगांसाठी ५०० एकरांची मर्यादा घातली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला. शेजारचा तलासरी त्या पट्ट्यात येत होता. धूर तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही, याची ही एक प्रकारे सरकारी कबुलीच होती.

प्रकल्प १९९५ मध्ये सुरू झाला, यंत्रणेविना. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. कंपनी रिलायन्सकडे गेल्यावर २००५ मध्ये ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली गेली, आणि अखेर २००७ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा चालू झाली. वीजनिर्मिती आणि यंत्रणा यांच्यामधील ही बारा वर्षे हाच आमच्या मते खरा हिशेबाचा मुद्दा आहे. यंत्रणेची किंमत रुपयांत मांडता येत होती, म्हणून तो 'खर्च' ठरला. ती नसल्याची किंमत बागांत, खाडीत आणि छात्यांत विखुरलेली होती, म्हणून ती केवळ 'तक्रार' ठरली.

अशा विखुरलेल्या किमतीला अर्थशास्त्रात स्थान दिले ते आर्थर पिगू यांनी, १९२० च्या आपल्या ग्रंथात. गिरण्यांच्या धुराने मँचेस्टरच्या घरांत कपडे धुण्याचा जो जादा खर्च होई, त्याचा दाखला त्यांनी घेतला. कारखानदाराच्या वहीत नसलेला खर्च धुणाऱ्या बाईच्या साबणात सापडला. पुढे या पद्धतीने राष्ट्राराष्ट्रांचे हिशेब झाले. 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ साली भारतात प्रदूषित हवेमुळे सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले, आणि अकाली मृत्यू व आजारपण यांमुळे बुडालेले उत्पादन देशाच्या सकल उत्पन्नाच्या १.४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपये होते.

अर्थात, या आकड्याकडेही टीकात्म दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. त्यात दरडोई नुकसान सर्वांत जास्त दिल्लीचे दिसते. हवा तिथे वाईट आहेच. पण मिळकतही अधिक आहे. मोजमाप बुडालेल्या उत्पादनाचे असेल, तर ज्याची मजुरी कमी त्याचा श्वासही हिशेबात स्वस्त ठरतो. वाडीवर रोजंदारी करणाऱ्या वारली स्त्रीचा खोकला या पद्धतीत जवळजवळ फुकटच. वेठीच्या दिवसांचे मोल ज्या वहीत नव्हते, तिची ही सुधारित आवृत्ती तर नव्हे?

दुसरी अडचण पुराव्याची. चिकूचे पीक घटल्याचे बागायतदार सांगत आले. परंतु बी पोखरणारी अळी आणि लहरी पाऊस यांचाही त्यात वाटा असतो. धुराचा वाटा वेगळा काढणे कठीण, आणि या कठीणपणाचा लाभ नेहमी धूर सोडणाऱ्यालाच मिळतो. डहाणूच्या प्राधिकरणाचे ऐतिहासिक महत्त्व हे, की संपूर्ण पुरावा हाती येईपर्यंत त्याने अट थांबवून ठेवली नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक कोळसा-वीजसंचांना याच यंत्रणेच्या सक्तीतून सूट दिली. जो खर्च डहाणूने सोळा वर्षे झगडून कंपनीच्या वहीत लिहून घेतला, तो इतरत्र पुन्हा लोकांच्या अंगावर राहणार आहे. परुळेकरांचे पुस्तक वर्गात शिकवताना म्हणूनच आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू, की त्यात केवळ शौर्य शोधू नका. कोणाचा खर्च कोणाच्या खाती पडला, हेही वाचा.