काळ्या बंपरची गाडी

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार म्हटला, की माझ्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एकात निखळलेला दगड शोधून पुन्हा आपल्या जागी बसवला जातो. दुसऱ्यात काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्यात पांढऱ्या चकचकीत फरश्या बसतात आणि दाराशी देणगीदारांच्या नावांची पाटी लागते. आपण दोन्हींना जीर्णोद्धारच म्हणतो. इंग्लंडमध्ये माझ्या घराच्या गॅरेजात एक जुनी स्पोर्ट्‌स कार पुन्हा उभी करताना मला हेच दोन प्रकार वारंवार आठवत होते.

ती गाडी म्हणजे एमजीबी. दोघांपुरती, कापडी टपाची, जमिनीपासून जेमतेम वर असलेली. आपल्याकडे २०१९पासून एमजी नावाच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. पण नाव तेवढं जुनं, ते आता चिनी कंपनीच्या मालकीचं आहे. मूळ एमजी म्हणजे मॉरिस गराजेस, ऑक्सफर्डमधल्या विल्यम मॉरिस यांचा मोटारविक्रीचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यावर हलक्या, देखण्या बॉडी बसवायला सुरुवात केली. १९२९मध्ये कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला. भाग नेहमीच्या घरगुती गाडीचे घ्यायचे आणि त्यांतून मजेची गाडी करायची, हे सूत्र मात्र पुढं पन्नास वर्षं टिकलं. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक परदेशी, मुख्यतः अमेरिकेला गेल्या.

या सूत्राचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. कोल्हापुरात माझ्या काकांची ॲम्बॅसॅडर होती. ती बिघडली की उद्यमनगरातून मिस्त्री यायचे आणि मी त्यांच्या हातात पाने द्यायला उभा राहायचो. पुढं इंग्लंडात माझ्या एमजीबीचं बॉनेट उघडलं, तेव्हा ते इंजिन मला ओळखीचं वाटलं. वाटणारच! ॲम्बॅसॅडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड. तिला १९५९च्या सुमारास जे १४८९ सीसीचं इंजिन बसलं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरीज’ घराण्यातलं. १९५५च्या एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्येही याच मापाचं इंजिन होतं, आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याचाच थोरला भाऊ. आपल्याकडे ज्या इंजिनानं मंत्र्यांना सभेला आणि वऱ्हाडाला लग्नाला पोहोचवलं, त्याच घराण्यातल्या इंजिनानं तिकडं तरुणांना वारा खायला नेलं. काकांच्या गाडीला लागणारे इंची मापाचे पाने इथंही लागले.

म्हणूनच ही गाडी घरी दुरुस्त होऊ शकते. तिच्यात संगणक नाही. टॅपेटमधली फट पात्यानं मोजता येते, दोन एसयू कार्बोरेटर कानानं जुळवता येतात. इंजिनाचं काम मला जड गेलं नाही. खरी परीक्षा पत्र्याची होती.

मी ही गाडी २००८मध्ये घेतली, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतं. जुन्या एमजींना खाली वेगळा सांगाडा असे. एमजीबीला तो नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. टप उघडा असल्यामुळं सगळा भार दारांखालून जाणाऱ्या, पत्र्याच्या पेटीसारख्या दोन पट्ट्या पेलतात. त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधला उभा पडदा अशी तिची रचना असते. आधीच्या कुणी मालकानं गंजलेल्या सिलवर नवा पत्रा ठोकून, वरून लांबी भरून, रंग मारून टाकला होता. दिसायला गाडी झकास होती. मी मधोमध जॅक लावून ती उचलली आणि दार बंद होईना. गाडी कंबरेत वाकत होती!

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक म्हणजे दाराच्या चौकटीत लोखंडी दांडा वेल्ड करून बॉडी ताठ धरायची, एका वेळी एकच बाजू कापायची, नवा पडदा, नवी सिल बसवायची आणि दर टप्प्यावर दार लावून फट सारखी आहे ना ते पाहायचं. हे महिन्यांचं काम. दुसरा मार्ग म्हणजे अख्खी नवी बॉडी विकत घ्यायची. हो, नवी! एमजीबीचं उत्पादन थांबल्यावर बॉडीचे पत्रे दाबण्याचे मूळ साचे जमवून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं १९८८मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये एमजीबीच्या नव्या बॉडी करायला सुरुवात केली. हे साचे मोडीत गेले असते, तर हजारो गाड्याही त्यांच्यामागोमाग गेल्या असत्या. मी जे सुटे पत्रे वापरले, तेही अशाच कामाचं फळ.

पण बॉडी नवी, इंजिन जुनं, नंबरप्लेट जुनी. मग ती गाडी तीच का? हा प्रश्न १९९०मध्ये लंडनच्या हायकोर्टात गेला होता. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीनं १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढं तिचा बहुतेक भाग बदलला गेला. ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला आणि ही ती गाडीच नव्हे, असं म्हणून घेणारा अडून बसला. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की गाडी बदलत गेली, पण तिचा प्रवास कधी तुटला नाही. म्हणून ती ‘ओल्ड नंबर वन’च. ब्रिटनमध्ये २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण त्यासाठीही अट आहे, की गाडीत मोठा बदल झालेला नसावा. मूळ नमुन्याबरहुकूम भाग बदलला तर चालतो.

मी पहिला मार्ग धरला, तो काही तत्त्वासाठी नव्हे, पैसे कमी होते म्हणून. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांचं आयुष्य मोटारींच्या असेंब्ली लाइनवर गेलं होतं. त्यांनीच मला वेल्डिंग शिकवलं. एका शनिवारी मी दाराच्या आतलं अस्तर काढलं. आतल्या पत्र्यावर मेणखडूनं एक आकडा आणि एक गिरवलेली रेघ होती. गंज निघावा म्हणून हातात तारेचा ब्रश होताच. दोन फटक्यांत मी तो पत्रा लख्ख केला. गृहस्थ मागं उभे होते. ते म्हणाले, ‘‘आम्हीही असंच लिहायचो. पुढच्या माणसाला समजावं म्हणून.’’ रागावले नाहीत, एवढंच म्हणून चहा आणायला गेले. मी फोटोसुद्धा काढला नव्हता. ॲबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८०मध्ये बंद झाला. सप्टेंबर १९७९मध्ये तिथं पन्नास वर्षांचा सोहळा झाला आणि त्याच महिन्यात कामगारांना कारखाना बंद होणार असल्याची बातमी मिळाली. त्या सगळ्या माणसांपैकी कुणा एकाची माझ्या गाडीत उरलेली खूण मीच पुसून टाकली होती.

त्यानंतर प्रश्न आला बंपरचा. एमजीबीला पहिली बारा वर्षं पोलादाचे, क्रोमचे सुंदर बंपर होते. अमेरिकेनं १९७०च्या दशकात नियम केला, की ताशी पाच मैलांच्या धडकेत दिवे वगैरे फुटता कामा नयेत आणि बंपर ठरावीक उंचीवर असावेत. अमेरिका हे सर्वांत मोठं गिऱ्हाईक. म्हणून १९७४च्या उत्तरार्धात एमजीबीला पुढं-मागं जाडजूड काळे बंपर आले. लोक त्यांना रबरी म्हणतात. खरं तर ते पॉलियुरेथेनचे, आत पोलादी आधार असलेले. उंची गाठायला गाडीही एक-दीड इंच वर उचलली गेली. परिणामी वळणावर ती झुकू लागली, आणि १९७६मध्ये मागच्या चाकांना झुकाव रोखणारा दांडा बसवून तो दोष बराचसा सावरला गेला. एमजीच्या चाहत्यांनी या बंपरांना मनापासून नावं ठेवली. आजही अनेक जण काळे बंपर काढून, गाडी खाली आणून, क्रोमचे बंपर बसवतात. त्यासाठी लागणारे भाग तयार मिळतात, काम अवघड नाही आणि गाडी खरंच देखणी होते.

माझी गाडी १९७७ची, म्हणजे काळ्या बंपरची. घेतली तेव्हाच क्रोमचे बंपर बसवायचे, असं मी ठरवलं होतं. पैसेही बाजूला ठेवले होते. मेणखडूच्या त्या प्रसंगानंतर मात्र हात पुढं होईना. या गाडीवर जे काही ऐतिहासिक आहे, ते सगळं त्या कुरूप बंपरांतच तर आहे. दूरच्या देशाचा एक कायदा, निर्यातीवर जगणारा कारखाना आणि पुरेसं भांडवल हाताशी नसताना जुनीच गाडी कायद्यात बसवण्याची धडपड करणारे अभियंते. क्रोम लावलं, तर गाडी १९७०ची दिसेल. पण १९७०मध्ये ती नव्हतीच! जे लोक असा बदल करतात त्यांना मी दोष देत नाही. गाडी त्यांची, हौस त्यांची. मला ते पांढऱ्या फरश्यांसारखं वाटलं, इतकंच.

सहा वर्षांनी गाडी रस्त्यावर आली. बंपर काळेच आहेत. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी ना कुणी हटकून विचारतं, ‘‘हे अजून बदलले नाहीत?’’ मग मी १९७४ची हकीकत सांगतो.

आता आपल्याकडेही हे वारं आलं आहे. ॲम्बॅसॅडरचं उत्पादन २०१४मध्ये थांबलं आणि परसात धूळ खात पडलेल्या गाड्या लोक बाहेर काढू लागले. माझ्या चुलतभावानं काकांची गाडी अशीच काढली आहे. परवा त्याचा फोन आला. डॅशबोर्डच्या कडेला काकांनी स्वतः ठोकलेली, कुलदैवताच्या फोटोची पत्र्याची चौकट आहे. ती मूळ गाडीची नाही, तर काढून टाकू का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, ‘‘अरे, तिला हात लावू नकोस. आणि रंग खरवडायच्या आधी सगळ्या गाडीचे फोटो काढ. आतून, बाहेरून, दारांच्या अस्तरामागचेसुद्धा.’’