भीतीसकट केलेली सेवा
नगरला मिस फरार यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलेल्या सावित्रीबाई १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णसेवा करत होत्या. प्लेग पिसवांमुळे पसरतो, हे सायमंड यांनी दाखवलं १८९८मध्ये. म्हणजे बघा, बाईंना शत्रू दिसतच नव्हता. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, स्वतःला लागण झाली, १० मार्चला गेल्या. आपण त्यांना निर्भय म्हणतो नि मोकळे होतो. पण २०२०मध्ये आपल्या जिल्ह्यात दारोदार ऑक्सिजन मोजणाऱ्या आशाताईंना भीती होतीच: मरणाची, त्याहून जास्त घरी रोग नेण्याची. तरी त्या निघाल्या. आपण टाळ्या वाजवल्या. जून २०२१मध्ये मात्र मानधनासाठी राज्यभरातल्या आशांना संप करावा लागला. भिणाऱ्या माणसाला शौर्याची पदवी नको असते. संरक्षण हवं असतं. ते देणं आपल्याकडे लागतं.