सत्तेचाळीस टनांच्या पाटल्या

मध्यमवर्गीय घरात सोन्याला दोन भाव असतात. एक लग्नसराईत कळतो आणि दुसरा अडचणीत. पहिला चारचौघांत मोठ्याने सांगायचा असतो. दुसऱ्याचा उच्चारही करायचा नसतो. पाटल्या गहाण टाकायची वेळ आली, तर सदाशिव पेठेतला माणूस रविवार पेठेतली पेढी गाठतो आणि रविवार पेठेतला माणूस सदाशिव पेठेतली. वाटेत गाठ पडलीच, तर दोघंही "काही नाही, जरा भाजी घ्यायला निघालो होतो," असं सांगून पिशवी काखेत घट्ट धरतात.

सरकार नावाचं कुटुंबही नेमकं असंच वागतं, हे १९९१ सालच्या जुलैत सगळ्या देशाला कळलं. रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतलं ४६.९१ टन सोनं चार खेपांत, गाजावाजा न करता, मुंबईच्या फोर्टातून सहार विमानतळावर गेलं आणि तिथून विलायतेला. घेणारे सावकार दोन : बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान. मिळाले सुमारे ४० कोटी डॉलर. "सोनं आमच्याकडेच राहू द्या, कागदावर गहाण समजा," ही विनवणी चालली नाही. सावकार पेठेतला असो की लंडनचा, डाग हातात पडल्याशिवाय तो गल्ला उघडत नाही. त्यातून सोन्याची एक गाडी वाटेत बिघडली, अशी हकिगत पुढे प्रसिद्ध झाली. देशाच्या पाटल्या भर रस्त्यात खोळंबलेल्या आणि पहारेकऱ्यांना घाम फुटलेला! आणि शेवटी गुपित फुटायचं ते फुटलंच. वर्तमानपत्रात बातमी आली आणि सगळ्या आळीला समजलं.

त्याआधी मे महिन्यात एक छोटा डाग गेलाच होता. ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, काळजीवाहू सरकारच्या अमदानीत, स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं परत विकत घ्यायच्या बोलीवर स्विस बँकेला दिलं गेलं. या सोन्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १९६२ साली चीनने हल्ला केला तेव्हा आयाबायांनी हातातल्या बांगड्या काढून संरक्षण निधीत टाकल्या. लगोलग १९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणलं. नवे दागिने चौदा कॅरेटपेक्षा चोख घडवायचे नाहीत, असा हुकूम निघाला. सोनारांच्या भट्ट्या विझल्या, पण सोन्याची हौस काही विझली नाही. मग सोनं रात्री होड्यांतून येऊ लागलं. त्यातलं जे कस्टमच्या हाती लागलं ते सरकारजमा झालं. हा कायदा १९९० साली रद्द झाला आणि दुसऱ्याच वर्षी हेच जप्तीचं सोनं देशाच्या अब्रूला धावून आलं. चोरट्या व्यापाऱ्यांची देशसेवा ती हीच. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पण ही वेळ आली का? "सद्दामने कुवेतवर स्वारी केली, तेल महागलं," हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. जावई आला म्हणून वाण्याची उधारी वाढली, असं सांगण्यापैकी ते आहे. जावई एकदाच आला. वही दहा वर्षांची होती. नवे अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी २४ जुलैला ती वही लोकसभेत उघडून दाखवली. केंद्राची तूट सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर देशाच्या उत्पन्नाच्या चार टक्के होती, ऐंशीच्या सुमारास सहा झाली आणि १९९०-९१ मध्ये आठाच्या वर गेली. केंद्र सरकारच्या खर्चातल्या दर पाच रुपयांतला जवळजवळ एक रुपया नुसत्या व्याजात जात होता. परकीय चलन उरलं होतं २,५०० कोटी रुपयांचं, म्हणजे पंधरा दिवसांच्या आयातीपुरतं. त्यातच परदेशस्थ भारतीय मंडळी इथल्या ठेवी काढून घेऊ लागली. अडचणीची चाहूल नात्यागोत्यात सगळ्यांत आधी लागते, म्हणतात ते उगीच नाही.

इथे घरसंसाराची उपमा थोडी लंगडते, हेही सांगायला हवं. सरकारचं बरंचसं कर्ज रुपयातलं असतं आणि ते आपल्याकडूनच घेतलेलं असतं. पोस्टातली सर्टिफिकिटं, प्रॉव्हिडंट फंड, विम्याचे हप्ते, सगळं फिरून तिथेच जातं. म्हणजे सरकारच्या सावकारांच्या यादीत तळाशी कुठेतरी माझंही नाव आहे. (सावकार म्हणून मला एवढा एकच मान मिळालेला आहे.) शिवाय सरकार रिटायर होत नाही आणि सहसा मरतही नाही, तेव्हा जुनं फेडायला नवं काढता येतं. पण डॉलरचं देणं डॉलरनेच फेडावं लागतं. नाशिकच्या छापखान्यात रुपये छापतात, डॉलर नव्हे!

आणि कर्ज म्हणजे पाप, असंही नाही. थोरल्या बाजीरावासारखा रणधुरंधरही कर्जापायी हैराण असे आणि धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्याबद्दल काकुळतीने लिही. विहीर खणायला कर्ज काढलं तर मळा फेडतो. ऋण काढून सण केला तर सण संपतो आणि ऋण उरतं. सरकार दोन्ही करतं, पण लोकांना सण दिसतो. माफीची घोषणा करता येते, कोनशिला बसवता येते. व्याजाच्या हप्त्याची मात्र फीत कापता येत नाही. "आम्ही यंदा व्याज वेळेवर भरलं!" असं पोस्टर कुठल्या पक्षाने लावलेलं तुम्ही पाहिलंय?

त्या २४ जुलैला खतं सरासरी ४० टक्क्यांनी महागली. वर्तमानपत्र वाचता वाचता शहरी मध्यमवर्गाने मान डोलावली : "बरोबर आहे, किती दिवस फुकट द्यायचं?" दोन ओळी खाली घरगुती गॅस २० टक्क्यांनी महागल्याचं छापलेलं होतं. तिथे मान थांबली आणि गरीब माणसाने जगावं कसं, हा प्रश्न घरोघर उपस्थित झाला. गरिबाचं रॉकेल त्याच दिवशी दहा टक्क्यांनी स्वस्त झालं होतं, याकडे फारसं लक्ष गेलं नाही. कपात ही अशी चीज आहे. ती शेजाऱ्याच्या पानात झाली तर धोरण आणि आपल्या पानात झाली तर अन्याय.

शेतकऱ्यांच्या बाजूने एवढा गदारोळ उठला की ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात ४० चे ३० टक्के झाले आणि लहान शेतकऱ्यांना त्यातूनही वगळलं गेलं. गैर काहीच नाही. ज्याला लागतं तो ओरडतो. पण तूट कमी करायची तर कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती. पुढच्या काळात ती मोठ्या प्रमाणावर लागली भांडवली खर्चाला, म्हणजे अजून न झालेल्या कामांना. न बांधलेल्या धरणाला शेतकरी नसतात, न काढलेल्या शाळेची पोरं मोर्चा काढत नाहीत आणि न झालेल्या रस्त्यावर रास्ता रोको करता येत नाही. ज्याला ओरडायला तोंड नाही, त्याच्या पानातला लाडू उचलायचा, हा अंदाजपत्रकाचा सगळ्यांत जुना नियम आहे.

ते कर्ज त्या वर्षअखेरीपर्यंत फिटलं. सोनं मात्र लंडनच्याच तिजोरीत राहिलं. २००९ साली आपण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून आणखी २०० टन सोनं रोख मोजून विकत घेतलं. २०२४ च्या मे महिन्यात बातमी आली, की इंग्लंडमधलं सुमारे १०० टन सोनं मायदेशी आणलंय. ऊर भरून आला, यात शंका नाही. पाटल्या घरी आल्या की घर उजळतंच.

फक्त त्याच आनंदात कुणीतरी वाण्याची वहीही मागून घ्यावी आणि दिव्याखाली बसून एकेक ओळ वाचावी : ही रक्कम विहिरीची, की सणाची? पाटल्यांचं वजन काटा सांगतो. हे दुसरं माणसालाच विचारावं लागतं.