चेहरे पुसलेली दास्तान

परवा शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाता खाता चित्रांचं एक जाडजूड पुस्तक उघडून बसले होते. शेजारच्या सरांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, या वयात पऱ्या आणि राक्षस?" सगळे हसले, मीही हसले. उत्तर मात्र मनात राहिलं, ते इथे लिहिते.

पुस्तक हमजानाम्याच्या चित्रांचं होतं. अमीर हमजाची दास्तान आपल्यापैकी अनेकांनी नानी-दादीच्या तोंडून ऐकली असेल. नाव प्रेषितांचे (स.) चुलते हजरत हमजा (रजि.) यांचं, पण देव, पऱ्या, तिलिस्म, झंबील घेऊन फिरणारा उमर अय्यार हा सगळा कल्पनेचा पसारा. तो इतिहास नव्हे, किस्सा आहे. ऐकणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं.

हा किस्सा चित्रांत उतरवला तो अकबराने. 1562च्या सुमारास काम सुरू झालं, तेव्हा बादशाह जेमतेम विशीचा होता. काम जवळपास 15 वर्षं चाललं. सुमारे 1,400 चित्रं, तीही सुती कापडावर, प्रत्येक दोन फुटांहून उंच. एका अंगाला चित्र, पाठीमागे फारसी मजकूर. अकबर पुस्तकं स्वतः वाचत नसे, वाचून घेत असे. म्हणजे हे पुस्तक मुलांसाठी नव्हतंच. राज्य चालवणाऱ्या एका प्रौढ माणसाने ते स्वतःच्या आनंदासाठी करवून घेतलं होतं.

कामाची सूत्रं इराणहून आलेल्या मीर सय्यद अली आणि नंतर अब्दुस्समद यांच्याकडे होती. हाताखाली इथलेच चितारी. त्यांतला दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. अबुल फजल लिहितो, की हा पोरगा भिंतींवर चित्रं काढत असे. बादशाहाच्या नजरेस ते पडलं आणि त्याला अब्दुस्समद यांच्या हाताखाली देण्यात आलं. भिंती रंगवल्या म्हणून मी किती मुलांना रागावले असेन, हे वाचताना आठवलं.

आणि दास्तानीचा नाद मोठ्यांना शोभत नाही म्हणावं, तर मिर्झा गालिब यांचं काय? उतारवयात अमीर हमजाची दास्तान हाती आली, याचा आनंद त्यांनी पत्रातून दोस्ताला कळवला आहे.

पण मी थबकते ती वेगळ्याच ठिकाणी. त्या 1,400 चित्रांपैकी आज दोनशेही उरलेली नाहीत. मोठा साठा व्हिएन्ना आणि लंडनच्या संग्रहालयांत आहे. लंडनची बरीचशी चित्रं 1881 साली काश्मीरमध्ये मिळाली. श्रीनगरात एका ठिकाणी थंडी अडवायला ती खिडक्यांना लावलेली होती! उरलेल्यांपैकी कित्येक चित्रांत माणसांचे चेहरे खरवडलेले आहेत. काहींवर नंतर कुणीतरी नवे चेहरे रंगवले. झाडं, घोडे, गालिचे, हत्यारं शाबूत आणि मध्येच चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग.

तो डाग मला ओळखीचा आहे. नऊ-दहा वर्षांची असताना माझ्याकडे उर्दू हातिमताई होतं. स्वस्तातलं, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं. एका दुपारी मामूंनी निळ्या बॉलपेनने त्यातले सगळे चेहरे गिरगटून टाकले. जिवंत वस्तूंची चित्रं घरात नकोत, एवढंच म्हणाले. मामू वाईट नव्हते. मला कायदा त्यांनीच शिकवला, कॉलेजची फीदेखील त्यांनीच भरली. मी रडले नाही, पण त्यानंतर परीकथा वाचणं लपून करायची गोष्ट झाली. बीएड झाले, मुलांना गोष्टी शिकवू लागले, तरी स्वतःसाठी असं पुस्तक विकत घ्यायला चाळिशी उजाडावी लागली.

चित्रांबद्दल मामूंसारखं मत आपल्या समाजात आजही अनेकांचं आहे. त्याचा मी आदर करते. पण तेच एकमेव मत कधीच नव्हतं, हेही आपल्या मुलांना कळायला हवं. कुणी चेहरे खरवडले, तसे ते रंगवणारेही होते. आणि रंगवणाऱ्यांत अब्दुस्समद होते, तसा दसवंतही होता. चित्र पाहिलं की हे सगळं एकदम दिसतं. म्हणून मी ते या वयातही पाहते.

ते हातिमताई अजून माझ्या कपाटात आहे. गेल्या ईदला मामूंच्या नातीने ते बाहेर काढलं आणि विचारलं, "फुप्पो, यांना तोंडं का नाहीत?" मी तिला पेन्सिल दिली.